दाढ ठणकते, दवाखाना लांब

दाढ दिवसा कुरकुरते आणि रात्री ठणकते. आडवं झालं की डोक्याकडे रक्ताचा जोर वाढतो, आणि दाताच्या टणक कवचात कोंडलेल्या सुजलेल्या नसेला फुगायला जागा नसते. मग घरातलं कुणी उठून लवंग शोधतं, कुणी मिठाचं कोमट पाणी करतं, कुणी मागच्या तापातली उरलेली गोळी काढून देतं. सकाळी दातांच्या डॉक्टरकडे जायचं ठरतं. सकाळी दाढ जरा शांत होते आणि जाणं राहून जातं.

त्या रात्री घरच्या घरी काय करावं, यावर वैद्यकात बरंच काम झालं आहे. काही बाबतींत एकमत आहे, काहींत तज्ज्ञांच्या समित्याही वेगवेगळं सांगतात, आणि घराच्या हाती किती द्यायचं हा वाद तर अजून चालूच आहे. या सगळ्याकडे बीड जिल्ह्यातून पाहिलं की त्यातला एक शब्द फार खटकतो. तो शब्द म्हणजे 'तोवर'. डॉक्टरकडे पोचेपर्यंत, तोवर हे करा, असं प्रत्येक सल्ल्यात असतं. सल्ला लिहिणाऱ्याच्या मनात हा 'तोवर' काही तासांचा, फार तर एक-दोन दिवसांचा असतो. बीडमध्ये तो कधी एका रात्रीचा असतो, कधी आठवडी बाजारापर्यंतचा, आणि ऊसतोडीला गेलेल्या घरासाठी अख्ख्या गाळप हंगामाचा.

जिल्ह्यात अकरा तालुके, २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे २५ लाख ८५ हजार, आणि पाचातले चार जण खेड्यात राहणारे. जिल्हा रुग्णालय बीडला, स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय अंबाजोगाईला. दातांचं सरकारी महाविद्यालय गाठायचं तर छत्रपती संभाजीनगर. बीड शहरात खासगी दंत महाविद्यालय आहे, तालुक्याच्या गावी खासगी दवाखानेही आहेत. पण प्राथमिक आरोग्य केंद्रात दातांचा डॉक्टर सहसा नसतो. तो भेटतो ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात. बालाघाटातल्या वाडीवरून तिथे जायचं म्हणजे काळी-पिवळी, मग एसटी, आणि एका दिवसाची मजुरी.

दिवाळीच्या आगेमागे इथून लाखो मजूर ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल, फडाजवळची कोपी. खाडा झाला की पैसे कापले जातात. दाढेसाठी खाडा करणारं माणूस विरळाच.

दातातला किडा

दातात किडा असतो आणि तोच दात पोखरतो, ही समजूत बॅबिलोनच्या मातीच्या विटांवर सापडते, आणि सुश्रुतसंहितेतल्या मुखरोगांत 'कृमिदन्त' म्हणूनही. आपल्याकडे रिंगणीच्या बियांची धुरी तोंडात घेतात. खाली पाण्याचं भांडं ठेवलं की त्यात बारीक पांढरे 'किडे' पडलेले दिसतात. युरोपात हीच धुरी खुरासानी ओव्याच्या बियांची घेत. तिथल्या चिकित्सकांनी पुढे दाखवून दिलं की ते किडे म्हणजे उष्णतेने फुटलेल्या बीचे कोंब असतात. रिंगणी आणि खुरासानी ओवा दोन्ही वांग्याच्या कुळातले, हा योगायोग गमतीचा आहे.

फ्रान्सचा दंतवैद्य पिएर फोशार याने १७२८ च्या आपल्या ग्रंथात किड्याची कल्पना नाकारली. १८९० मध्ये दंतसंशोधक विलोबी मिलरने जंतू, साखर आणि त्यातून होणारं आम्ल असा दात किडण्याचा क्रम मांडला. 'कीड लागली' हा शब्द मात्र भाषेत राहिला, आणि त्याच्याबरोबर कीड बाहेर काढण्याची इच्छाही.

भारतात दंतवैद्यकाचं पहिलं महाविद्यालय १९२० मध्ये डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी कलकत्त्यात काढलं. मुंबईचं नायर दंत महाविद्यालय १९३३ चं. १९४८ च्या दंतवैद्यक कायद्याने नोंदणी नसलेल्याला दात काढण्या-भरण्याची मनाई झाली. रस्त्याकडेला चिमटा आणि कवळ्या मांडून बसणारे त्यानंतरही देशभर दिसत राहिले, कारण ते जवळ होते.

आणखी एक 'इलाज' महाराष्ट्राच्या घराघरांत आहे: मिसरी. तंबाखू भाजून, कुटून हिरडीला लावायची. दात दुखतो म्हणून कुणीतरी बोटावर दिली आणि ती सुटलीच नाही, अशी सुरुवात अनेक बायका सांगतात. दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला केंद्र सरकारने १९९२ मध्ये बंदी केली, सर्वोच्च न्यायालयाने ती १९९७ मध्ये कायम ठेवली. महाराष्ट्रात गुटखा २०१२ पासून बंद आहे. चुलीवर भाजलेल्या मिसरीला यातला कुठलाच कायदा गाठत नाही. ती हिरडी बधिर करते, दुखणं झाकते, आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढवते.

घराला शिकवावं, हा विचार त्या मानाने अलीकडचा. मरी डिक्सन यांचं 'व्हेअर देअर इज नो डेंटिस्ट' हे पुस्तक १९८३ मध्ये आलं. दंतवैद्य नसलेल्या गावातल्या आरोग्यसेवकासाठी लिहिलेलं, चित्रांनी भरलेलं. २००२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने गरीब भागांसाठी तातडीचे दंतोपचार, परवडणारी फ्लोराइड पेस्ट आणि यंत्राशिवाय दात भरण्याची पद्धत, असं किमान सेवांचं गाठोडं सुचवलं. भारताचा राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम २०१४-१५ चा. पण गावातल्या अल्पशिक्षित बाईच्या हाती आरोग्याचं काम देता येतं, हे त्याच्या कितीतरी आधी बीडच्या वेशीवर दिसलं होतं. आष्टी-पाटोद्याला लागून असलेल्या जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला, तो उभा राहिला गावोगावच्या आरोग्यसेविकांवरच.

लवंग आणि गोळी

लवंगेच्या तेलात युजेनॉल असतं. ते नस बधिर करतं आणि थोडं जंतुनाशकही आहे. दंतवैद्य तात्पुरतं सिमेंट भरतात त्यात झिंक ऑक्साइडबरोबर हेच युजेनॉल असतं, म्हणजे आजीची लवंग आणि डॉक्टरची पुटी एकाच घरातली. कापसाच्या बोळ्यावर थेंबभर तेल घेऊन किडलेल्या खड्ड्यात टेकवलं तर तासभर आराम पडतो, हे दंतवैद्यही मान्य करतात. वाद आहे तो मात्रेचा. पुन्हापुन्हा लावलं तर हिरडी आणि गालाची आतली कातडी भाजते. लहान मुलाच्या पोटात चमचाभर गेलं तर यकृताला इजा होऊ शकते. म्हणून पाश्चात्त्य मार्गदर्शिका लवंगतेल मुलांना नकोच म्हणतात. आयुर्वेदाची बाजू अशी की कवल आणि गंडूष (औषधी द्रव तोंडात खळबळणं आणि भरून धरणं), इरिमेदादि तेल हे उपाय मुळात रोजच्या निगेचे, तातडीच्या रात्रीचे नव्हेत, त्यांना त्या कसोटीवर जोखणं बरोबर नाही. मला हे म्हणणं रास्त वाटतं. अक्कलकाऱ्याने जीभ बधिर होते, मिठाच्या कोमट पाण्याने अडकलेलं अन्न निघतं आणि बरं वाटतं. यात नुकसान नाही.

नुकसान आहे ते दोन गोष्टींत. एक, रुईचा चीक. दाढेच्या खड्ड्यात तो घातला की दुखणं थांबल्यासारखं होतं, कारण त्याने आतलं मांस जळतं. बरोबर हिरडी आणि ओठही जळतात. दुसरी, गोळी ठेचून दाढेजवळ धरणं. अ‍ॅस्पिरिनसारखी गोळी गालाला लागून राहिली की तिथे पांढरा, सोललेला डाग पडतो. गोळी गिळल्यावरच काम करते, दाढेजवळ ठेवून नाही. हे दहा वेळा सांगूनही लोक तसंच करतात, कारण दुखतं तिथे औषध हा तर्क फार पटणारा आहे.

गोळी कोणती, यावर गेल्या काही वर्षांत बरंच एकमत झालं. अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेने मोठ्यांच्या तीव्र दातदुखीसाठी आयब्युप्रोफेनच्या जातीची गोळी, एकटी किंवा पॅरासिटामॉलच्या जोडीने, पहिला उपाय मानला. अफूच्या जातीच्या वेदनाशामकांपेक्षा ही जोडी सरस किंवा बरोबरीची ठरते. आयब्युप्रोफेन चालत नसेल त्याला नुसतं पॅरासिटामॉल. न चालणाऱ्यांची यादी लांब आहे: पोटातला अल्सर, मूत्रपिंडाचा आजार, या गोळ्यांनी उठणारा दमा, रक्त पातळ करणारी औषधं, गरोदरपणाचे पुढचे महिने, आणि डेंग्यूचा संशय असलेला ताप.

या यादीत उसाच्या फडाचा एक वेगळा मुद्दा येतो. एल साल्वादोर, निकाराग्वा या देशांत ऊस तोडणाऱ्या तरुण मजुरांत मूत्रपिंड निकामी होण्याचा आजार दिसला, त्यावरचा पहिला अहवाल २००२ चा. उन्हातलं अतिश्रमाचं काम आणि शरीरातलं पाणी कमी होणं यांवर मुख्य संशय आहे, आणि वारंवार घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या हा संशयितांपैकी एक. बीडचा मजूर पहाटे फडात उतरतो, पाणी कमी पितो, आणि दाढ-कंबर दोन्हींसाठी एकच गोळी घेतो. दोन दिवस सुरक्षित असलेली गोळी दोन महिने घेतली तर सल्लाच बदलायला हवा. केटोरोलॅकची गोळी तर पाच दिवसांपुढे घेऊच नये असं तिच्या माहितीपत्रकातच असतं. मार्गदर्शिका मात्र लिहिली जाते दोन दिवसांचा विचार करून.

अँटिबायोटिकचा तिढा

दाढ दुखली की मेडिकलवाला दुखण्याच्या गोळीबरोबर अमॉक्सिसिलिनच्या कॅप्सूल बांधून देतो. कायद्याने त्या चिठ्ठीशिवाय मिळू नयेत. पण गोष्ट कायद्यापेक्षा गुंतागुंतीची आहे.

नस सुजली आहे पण अजून जिवंत आहे, अशा दाढेला अँटिबायोटिकचा उपयोग होत नाही. सुजेने रक्तपुरवठाच आवळला जातो, औषध आत पोचत नाही. वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणारा कॉक्रेन आढावा यासाठी ज्या चाचणीवर मुख्यतः टेकतो ती २००० सालची, अवघ्या ४० रुग्णांची. त्यात पेनिसिलिन घेणाऱ्यांचं दुखणं न घेणाऱ्यांपेक्षा कमी झालं नाही. पुरावा थोडका आहे, पण उलट दिशेचा पुरावा नाही. तेव्हा या टप्प्यावर नको, यावर सगळे एकत्र आहेत.

पुढचा टप्पा म्हणजे नस मरते, मुळाशी पू होतो, हिरडीवर फोड येतो. इथेही खरा उपचार पू काढून देणं, नस साफ करणं किंवा दात काढणं हाच. अँटिबायोटिकने सूज दबते, मूळ तसंच राहतं आणि काही आठवड्यांनी पुन्हा वर येतं. मात्र अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या २०१९ च्या मार्गदर्शिकेत एक पोटकलम आहे. मुळाशी पू झाला आहे आणि उपचार लगेच मिळण्यासारखा नाही, अशा वेळी तीन ते सात दिवस अमॉक्सिसिलिन द्यावं असं तिथे सुचवलं आहे. ताप, अंगात कणकण, पसरणारी सूज असेल तर मग द्यावंच.

अमेरिकेत हे पोटकलम अपवादासाठी आहे. गेवराईच्या किंवा वडवणीच्या खेड्यात ते रोजचं वास्तव आहे. एक बाजू म्हणते, मग इथे अँटिबायोटिक देणंच शास्त्रशुद्ध ठरतं. दुसरी म्हणते, असं मानलं तर दवाखाना लांब असलेल्या प्रत्येकाला ते वर्षातून चार वेळा मिळेल, औषधांना न जुमानणारे जंतू वाढतील, आणि दाढ तोंडात तशीच राहील. दोन्ही बाजूंकडे वजन आहे. एवढं खरं, की दुखण्याच्या पहिल्या रात्री गालाला सूज नसताना घेतलेली कॅप्सूल या वादात कुणाच्याच बाजूने बसत नाही.

२०२० च्या टाळेबंदीत शहरांनीही हा अनुभव घेतला. दातांचे दवाखाने बंद, फोनवर सल्ला, वेदनाशामक, लागलं तर अँटिबायोटिक. इंग्लंडमध्ये सल्ला, वेदनाशामक, अँटिबायोटिक या तिघांचं त्रिकूटच अधिकृत धोरण झालं होतं. जगाने काही महिने जे सोसलं ते बीडच्या मजुराला दर हंगामाला लागू असतं.

मुळासकट पडलेला दात

घराच्या हातात खरोखर काही असतं ते इथे. बैलाच्या शिंगाचा फटका, शाळेच्या पायरीवरून पडणं, मोटरसायकल घसरणं, आणि पुढचा दात मुळासकट हातात. असा पक्का दात पुन्हा त्याच खळीत बसवता येतो आणि जगतो, हे कोपनहेगनचे येन्स आंद्रेयासन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कित्येक वर्षांच्या कामातून दाखवलं. दाताच्या मुळाभोवती एक पातळ आवरण असतं, त्यातल्या पेशी जिवंत राहिल्या तर दात धरतो. कोरड्या हवेत त्या तासाभरात मरतात.

म्हणून दंत-आघातावरच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची २०२० ची मार्गदर्शिका सांगते ते असं. दात शोधा, दिसणाऱ्या पांढऱ्या भागाला धरा, मुळाला हात लावू नका. माती लागली असेल तर दुधाने, सलाइनने किंवा त्याच माणसाच्या थुंकीने हलकेच खळबळा. घासू नका, पुसू नका. शुद्धीवर असलेल्या माणसाच्या खळीत दात सरळ बसवा आणि रुमाल चावून धरायला सांगा. धीर झाला नाही तर दात दुधात टाका आणि निघा.

दुधाला शास्त्राचा आधार १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला स्वीडनमधल्या लाइफ ब्लोमलफ यांच्या कामाने मिळाला. दुधाचा क्षारांचा समतोल पेशींना मानवतो. साध्या पाण्यात पेशी फुगून फुटतात, तरी कोरडा ठेवण्यापेक्षा पाणी बरं.

इथवर भांडण नाही. पुढे आहे. प्रथमोपचारांवर शिफारशी करणाऱ्या 'इल्कॉर' या आंतरराष्ट्रीय गटाने त्याच २०२० साली जी क्रमवारी दिली तिच्यात दूध दुसऱ्या फळीत आहे. पहिल्या फळीत प्रयोगशाळेत पेशी जगवायला वापरतात ते हँक्सचं क्षारद्रावण, मधमाशीच्या पोळ्यातलं प्रोपोलिस, स्वयंपाकघरातली पातळ प्लास्टिकची झिल्ली, आणि चक्क जुलाबावर देतात ते ओआरएस. त्यात नाव घेऊन उल्लेख आहे तो भारतात बनणाऱ्या तांदळाच्या ओआरएसचा, ज्यावर भारतातल्याच दंतसंशोधकांनी प्रयोगशाळेत काम केलं. दंत-आघात संघटना मात्र दुधालाच पहिलं स्थान देते. पुरावा दोघांचाही बव्हंशी प्रयोगशाळेतला आहे, पेशी मोजून काढलेला. माणसाच्या तोंडात दहा वर्षांनी तो दात टिकला का, यावर दोन माध्यमांची तुलना करणारं मोठं काम नाही. शहाळ्याच्या पाण्याचीही अशीच गत. चेन्नईच्या संशोधकांना २००८ मध्ये ते उत्तम वाटलं, नंतरच्या प्रयोगांत त्याच्या आम्लपणामुळे ते मागे पडलं.

बीडपुरता हा वाद पुस्तकी राहत नाही. म्हैस असलेल्या घरात दूध आहे. फडावरच्या कोपीत सकाळच्या चहापुरतं आणलेलं दूध दुपारी नसतं. ओआरएसची पुडी मात्र आशाताईंच्या पेटीत असते, अंगणवाडीत असते. दोन्ही आंतरराष्ट्रीय याद्या समोर ठेवून मी म्हणेन, जे दहा मिनिटांत मिळेल ते घ्या. दूध शोधायला अर्धा तास घालवणं ही त्यातली सर्वांत वाईट निवड.

एक अडचण आपल्याच रीतीतली. पडलेला दुधाचा दात कौलावर फेकायचा किंवा उंदराच्या बिळात टाकायचा, नवा दात उंदरासारखा येऊ दे म्हणायचं. आठ वर्षांच्या पोराचा आपटून पडलेला पक्का दातही याच रीतीने कौलावर जातो. उलट टोक असं की चार वर्षांच्या मुलाचा दुधाचा दात कुणी उत्साहाने परत बसवतं. तो कधीही बसवू नये, खालून येणाऱ्या पक्क्या दाताला इजा होते. पुढचे पक्के दात सहा-सात वर्षांपासून येतात, तेव्हा वय विचारणं ही पहिली पायरी.

ऊस दाताने सोलताना कोपरा उडाला तर तो तुकडाही दुधात किंवा पाण्यात जपून न्यावा. तो पुन्हा चिकटवता येतो.

जिथे दुमत नाही

दाढ काढून आल्यावर रात्री रक्त थांबत नाही, ही घाबरवणारी तातडी, पण उपाय सोपा. स्वच्छ कापडाची घट्ट घडी त्या खळीवर ठेवायची आणि अर्धा तास चावून धरायची. मध्ये काढून पाहायचं नाही. चुळा भरणं, सारखं थुंकणं, तंबाखू, मिसरी हे सगळं साकळलेलं रक्त उखडून टाकतं. मग तिसऱ्या दिवशी मोकळं हाड ठणकायला लागतं. ओल्या चहापत्तीच्या पुरचुंडीतल्या टॅनिनने रक्त आवळतं असं जुने डॉक्टर सांगतात. दाबाबरोबर ती चालेल, दाबाऐवजी नाही. खळीत हळद कोंबू नये.

तोंडाला मार लागून माणूस बेशुद्ध पडला, उलट्या झाल्या, किंवा वरचे-खालचे दात नेहमीसारखे जुळत नाहीत, तर दाताचा विचार नंतर. डोकं आणि जबडा आधी.

सुजेची गोष्ट सर्वांत गंभीर. खालच्या दाढेचा पू जिभेखाली आणि मानेत उतरला तर श्वासनलिका दाबली जाते. जर्मन शल्यचिकित्सक लुडविग यांनी १८३६ मध्ये हे वर्णन केलं, आजही यात माणूस दगावतो, आणि मधुमेह असेल तर धोका जास्त. हनुवटीखाली दोन्ही बाजूंना टणक सूज, जीभ वर उचललेली, लाळ गिळता न येणं, आवाज जाड होणं, तोंड न उघडणं, ताप. यातलं काही दिसलं की घरचा इलाज संपला. १०८ ला फोन करायचा आणि दातांच्या खुर्चीऐवजी शस्त्रक्रियेची सोय असलेलं रुग्णालय गाठायचं. बाहेरून गरम शेक द्यायची जुनी सवय इथे सोडावी. शेकाने पू कातडीकडे ओढला जातो असं दंतवैद्य मानतात आणि गार पट्टी सुचवतात. दोन्हींमागे मोठे अभ्यास नाहीत, पण गार पट्टीने वाईट होत नाही.

वरची दाढ काढली की नजर जाते, ही समजूत मात्र अजून जोरात आहे. डोळ्याची नस आणि दाढेची नस वेगळी. या भीतीने लांबवलेली दाढच कधीकधी डोळ्याखाली सूज आणते.

घराला किती शिकवायचं

दंतवैद्यांच्या मोठ्या गटाचं म्हणणं असं की घराला धोक्याच्या खुणा आणि पडलेल्या दाताचं जपणं एवढंच शिकवावं. दुखणं दाबायची साधनं जितकी सोपी कराल तितकं माणूस उशिरा येईल, आणि भरून वाचली असती ती दाढ काढावी लागेल. ही भीती बिनबुडाची नाही, उशिरा आलेल्या दाढा ते रोज पाहतात.

सार्वजनिक आरोग्यातली माणसं म्हणतात, लोक घरी काहीतरी करणारच आहेत. मग रुईच्या चिकाऐवजी योग्य गोळी योग्य मात्रेत का नको? आशाताई, शाळेचे शिक्षक, ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी २०२१ मध्ये आलेल्या संत भगवानबाबा वसतिगृह योजनेतले गृहपाल, यांना दोन तासांचं प्रशिक्षण द्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं २०१३ पासून शाळांत दात तपासतात, त्यांच्या भेटीतच पडलेल्या दाताचा धडा घाला. शिक्षकांना असं शिकवल्यावर त्यांचं ज्ञान वाढतं हे अनेक देशांत दिसलं आहे. त्यामुळे किती दात प्रत्यक्षात वाचले, हे मोजणं फार अवघड आहे.

तिसरी भूमिका या दोघांच्या चौकटीबाहेरची. घराला शिकवण्यापेक्षा उपचाराचा किमान भाग घराजवळ आणा, असं ती सांगते. टांझानियात १९८० च्या दशकात यो फ्रेन्कन यांनी हातच्या अवजारांनी कीड खरवडून काच-सिमेंट भरायची पद्धत विकसित केली. वीज नको, सुई नको. चांदी आणि फ्लोराइडचं एक द्रावण थेंबभर लावलं तर कीड थांबते, दात काळा पडतो एवढाच तोटा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हे सिमेंट आणि हे द्रावण आवश्यक औषधांच्या यादीत घेतलं. हे काम परिचारिकेने किंवा आरोग्यसेविकेने केलं तर चालेल का, यावर भारतात कायद्याची आणि पेशाची दोन्ही अडचण आहे. १९४८ च्या कायद्याने भोंदू चिमटेवाल्यापासून संरक्षण दिलं, तेच नोंदणीचं बंधन इथे आडवं येतं.

चौथी बाजू कुणी लिहून मांडत नाही, पण गावात तीच चालते: जवळचा बीएएमएस डॉक्टर आणि मेडिकल दुकान. दाढेचा पहिला सल्ला बहुतेकांना तिथेच मिळतो, आणि त्यांच्यासाठी लिहिलेली साधी मराठी पुस्तिका कुठल्याच धोरणाच्या केंद्रस्थानी नाही. मला ही मोठी उणीव वाटते.

जे सुटलेलं नाही

गोळ्यांवरचा सल्ला लांबलेल्या 'तोवर'साठी नव्याने लिहायला हवा, हे वर आलंच. अँटिबायोटिकच्या पोटकलमाचा अर्थ दवाखाना कायमच लांब असलेल्या भागात काय लावायचा, हेही ठरलेलं नाही. दूध की ओआरएस याचं उत्तर बहुधा पेशी मोजून मिळणार नाही, घरात काय सापडतं ते मोजून मिळेल.

मोबाइलने एक वाट उघडली आहे. सुजलेल्या गालाचा फोटो पाहून 'आत्ता निघा' की 'सोमवारी या' एवढं तरी दूरवरच्या डॉक्टरला सांगता येतं. हिरडीवरच्या फोडाचा अंधाऱ्या कोपीतला फोटो किती सांगेल, हा प्रश्न उरतो.

आणि समजा सगळं नीट झालं. पोराचा दात पडला, आईने तो पांढऱ्या भागाला धरून दुधात टाकला, तासाभरात कारखान्याच्या गावातल्या दंतवैद्याने खळीत बसवला आणि तारेने शेजारच्या दातांना बांधला. ती तार दोन आठवड्यांनी काढायची असते, आणि मुळाची वाढ पूर्ण झालेला दात असेल तर तेवढ्याच काळात नसेचा उपचार सुरू करायचा असतो. दोन आठवड्यांनी टोळी दुसऱ्या गावच्या फडात गेलेली असते. पोराच्या तोंडातली तार तिथे काढेल कोण, याची तजवीज अजून कुठल्याही मार्गदर्शिकेत नाही.